सरकीशिवायचं दूध

सखू जिना चढताना कधी बोलत नसे. एका हातात दुधाची किटली, दुसऱ्यात माप, आणि तोंड मिटलेलं. इमारत चार मजल्यांची, लिफ्टही आहे. पण लिफ्टमध्ये दूध सांडतं असं एका बिऱ्हाडाने कधीतरी तिला सुनावलं आणि तेव्हापासून ती जिन्यानेच जायची. ते बिऱ्हाड रत्नागिरी सोडून गेलं, तरी सखू आपली जिन्यानेच.

हे मी सगळं माझ्या गिरणीतून बघत आलो. इमारतीच्या गेटसमोर माझी पिठाची गिरण आहे, शेजारच्या गाळ्यात गुरांची पेंड आणि कोंडा विकतो. मला सगळे दाजी म्हणतात, ज्यांच्या बहिणीशी माझं लग्न झालेलं नाही तेसुद्धा. गिरणीच्या घरघरीने कान अर्धे गेलेत, पण डोळे शाबूत आहेत.

सखूची वाडी शहराच्या वरच्या अंगाला, सड्यावर. तिथे सगळा कातळ. पावसात हिरवंगार गवत, दिवाळी सरली की रखरखाट. नवरा गंगाराम मुंबईत राखणदारी करतो, गणपतीला आणि शिमग्याला येतो, खुंटीवर शर्ट लावतो, चार दिवसांनी काढून परत जातो. घर, म्हशी, गवत, शेण, सगळं सखूच्या अंगावर. हा रतीब तिला सासूकडून मिळाला. इमारत उभी राहण्याआधी इथे कौलारू घरं होती, त्यांतलं एक मथुराकाकूंचं. सखू नवी नवरी म्हणून सासूच्या मागून किटली घेऊन पहिल्यांदा आली, ती काकूंच्याच दारात. काकूंनी तिला खण दिला होता. पुढे घरं पाडली, काकूंना दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला, आणि रतीब तिकडे चढला.

सखूच्या दुधात पाणी नसतं, हे कोणी बोलूनही दाखवत नसे. सूर्य पूर्वेला उगवतो हे तरी कोण रोज बोलतं.

मग तिसऱ्या मजल्यावर तेजस्वी राहायला आली. नवरा अजिंक्य बँकेत, मुलगी भाविका बालवाडीत. बाई वाईट नव्हती, हे आधीच सांगतो, नाहीतर माझ्या तोंडून पुढे जे येईल त्यावरून भलतंच वाटायचं. पोरीच्या अंगावर पुरळ उठायचं. डॉक्टर मलम देत, ते जायचं, परत यायचं. तेव्हापासून ही बाई पोटात काय जातं याच्या मागे लागली. ज्याचं बियाणं प्रयोगशाळेत बदललंय, ते पीक कुठल्याच रूपात घरात नको, असं तिने ठरवलं. वाण्याच्या दुकानात ती एकेक पुडा उलटा करून मागचं बारीक वाचत उभी राहायची. चिवड्यात तेल कसलं, बिस्किटात काय घातलंय, हे तेल परदेशी सोयाबीनचं का. मागे रांग लागायची. वाणी एकदा मला म्हणाला, "दाजी, ही बाई आली की मला चहाला जाऊन यावंसं वाटतं." पिशवी अर्धी रिकामीच घेऊन ती परत यायची तेव्हा चेहरा असा दमलेला असायचा की मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

माझ्या गिरणीवरही तिची तऱ्हा होती. "दाजी, आधी कुणाचं दळलंत? सोयाबीन नव्हतं ना त्यात?" मग तिचेच मूठभर गहू आधी घालून जातं साफ करायचं, ते पीठ बाजूला काढायचं, आणि मग तिचं दळण. मी कुरकुर करायचो आणि करून द्यायचो. गिऱ्हाईक आहे, करणार काय.

एका सकाळी गेटपाशी तिने सखूला विचारलं, "सखूताई, म्हशींना काय घालता तुम्ही?"

सखू म्हणाली, "गवात, कोंडा, नि सरकीची पेंड."

ती खोटं बोलू शकली असती. गवत म्हणून मोकळी झाली असती. तिला ते सुचलंच नाही.

तेजस्वीने तिला समजावून सांगितलं. आवाज चढवून नाही, नीट सांगितलं. सरकी म्हणजे कापसाचं बी, आणि आपल्याकडचा जवळजवळ सगळा कापूस आता बदललेल्या बियाण्याचा. ते आमच्या ताटात नको म्हणून मी एवढी धडपडते आणि म्हैस तेच खाते. म्हशीने खाल्लेलं दुधात कितपत उतरतं, हे तिलाही ठाऊक नव्हतं, मला तर नाहीच नाही. पण आईच्या मनात शंका शिरली की ती दुधावर सायीसारखी धरते. दोन दिवसांत इमारतीच्या ग्रुपवर चर्चा झाली आणि ठरलं की सखूने सरकी बंद करावी. ज्यांना सरकी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, त्यांनीही होकाराचा अंगठा टाकला.

सखू माझ्याकडे आली. "दाजी, सरकी नको आता. दुसरी कसली पेंड हाय?"

"शेंगदाण्याची आहे, पण नेहमी येत नाही. खोबऱ्याची आहे, हवेने लगेच खवट होते. तुझ्या म्हशी तोंड लावतील?"

"लावतील. लावूक व्हयी."

"आणि दूध? सरकीवर पोसलेली म्हैस गो ती. साय कमी होईल."

"शब्द दिलाय मी, दाजी."

मी पेंड दिली. यात काय बोलायचं होतं ते तेव्हाच इमारतीत जाऊन बोलायला हवं होतं म्हणा, पण मला कोणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलणाऱ्याचं लोक काय करतात ते मी जाणतो.

व्हायचं तेच झालं. म्हशींनी खोबऱ्याची पेंड हुंगली आणि माना फिरवल्या. सखूने कुळीथ शिजवून घातले, कोंडा वाढवला, सड्यावरचं सुकं गवत लांबून भारे बांधून आणलं. दूध कमी झालं, आणि जे होतं ते पातळ झालं. सकाळी साय जाड धरेना. चहा पांढरा होईना. काकूंच्या घरी लोणी निघायचं ते थांबलं. म्हैस तीच, बाई तीच, मग दूध पातळ का? याचं उत्तर एकदा ग्रुपवर पडलं आणि सगळ्यांना पटलं. बाई पाणी घालायला लागली.

"सरकी बंद केलीत, तर साय आभाळातून येणार काय?" मी गेटपाशी दोघातिघांना म्हणालो. त्यांनी मान डोलावली. ह्या दाजीची पेंड खपत नाही म्हणून बोलतो, एवढंच त्यांनी त्यातून काढलं असणार.

रविवारी सकाळी सगळे खाली असताना मथुराकाकूंनी सखूला थांबवलं. ओरडल्या नाहीत. उलट आवाज खाली आणला, पण मला जिथे ऐकू आलं तिथे कोणाला आलं नसेल?

"सखू, तुझ्या सासूचा रतीब आहे हा. पाणी घालायचं होतं तर मला सांगायचं. मी पाण्याचे वेगळे दिले असते."

सखूने किटली खाली ठेवली, पुन्हा उचलली आणि जिना चढायला लागली. चारी मजल्यांवर दूध घालून खाली आली. माझ्या गिरणीसमोर एकदा थांबली, पदराने मान पुसली आणि गेली. मला त्या दिवशी दळणात लक्ष लागलं नाही. कोणाचे तांदूळ कोणाच्या डब्यात गेले ते दुसऱ्या दिवशी निस्तरलं.

पुढच्या रविवारी ती दूध घेऊन आलीच नाही. आली ती म्हैस घेऊन.

पूर्वी अशी पद्धत होती. दुधाबद्दल कुणाला संशय आला, की दारात म्हैस आणून डोळ्यांदेखत धार काढून द्यायची. सखूच्या सासऱ्याने एकदा काढून दिली होती म्हणतात. पण तेव्हा रस्त्यावर बैलगाड्या होत्या. सखू सड्यावरून उतार उतरत, रिक्षा, डंपर, हॉर्न यांतून त्या जनावराला दाव्याने ओढत आली होती. चांदी तिचं नाव, कपाळावर पांढरा ठिपका होता. जनावर घाबरून डोळे फिरवत होतं. सखूच्या साडीला धूळ, आणि ती इतकी दमलेली की आधी गेटच्या खांबाला दोन क्षण टेकली.

मग तिने दावं खांबाला बांधलं, आचळं धुतली, रिकामी किटली उपडी करून सगळ्यांना दाखवली, आणि खाली बसली. गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. एका हाताला भाविका, दुसऱ्यात पातेलं, अशी तेजस्वी खाली आली. मथुराकाकूही भिंतीला धरून आल्या.

चांदी पान्हवेना.

रेडकू गेल्यापासून ती म्हैस पेंड-कोंड्याचं भिजवलेलं आंबोण पुढ्यात आल्याशिवाय धार द्यायची नाही. सखूने घरून कोंड्याची पुरचुंडी आणली होती. परक्या जागी, हॉर्नच्या आवाजात चांदी त्याला तोंड लावेना. सखू थोपटत होती, पुटपुटत होती, आचळं ओढत होती. किटलीत चार थेंब वाजले आणि थांबले. वरून कोणीतरी मोबाईलवर हे सगळं टिपत होतं.

मला बघवेना. मी गाळ्यात गेलो, सरकीची पेंड पाटीभर भिजवली आणि घेऊन आलो. चांदीला वास आला. तिने मान लांब केली, कान हलवले. एवढ्यानेच कास भरून येणार होती, हे मला दिसत होतं.

"नको, दाजी," सखू म्हणाली.

"अगो, एकदाच. धार येईल."

"आता ह्येंच्या समोर घातली, तर म्हणतील रोज घालतंय. पाण्याचं नाव झालं, आता सरकीचं नको."

मी पाटी घेऊन तसाच उभा. चांदी पाटीकडे बघत होती. शेवटी सखूने बळेबळे धार काढली, एक माप भरेल न भरेल एवढी. उठली, ते सगळं तेजस्वीच्या पातेल्यात ओतलं. "पोरीला द्या. पाणी नाय त्यात." मग दावं सोडलं आणि म्हैस वळवली. काकूंनी "सखू" अशी हाक मारली. तिने मागे बघितलं, मान हलवली आणि चालू लागली. पातेल्यातलं दूध पातळच होतं. ते सगळ्यांनी पाहिलं, आणि का पातळ आहे तेही तेव्हा एकेकाला कळलं.

रतीब तिथेच थांबला. आता सकाळी टेम्पो येतो आणि गेटवर पिशव्यांचा क्रेट ठेवून जातो. सखू दूध डेअरीला घालते आणि माझ्याकडून सरकी नेते.

मागच्या आठवड्यात तेजस्वी दळण घेऊन आली. आधी कुणाचं दळलं ते विचारलंच नाही. हातात दुधाची पिशवी होती, ती उलटसुलट करत म्हणाली, "दाजी, स्निग्धांश लिहिलाय, तारीख लिहिलीय. म्हशीने काय खाल्लं ते कुठे लिहिलेलं नाही."

एरवी मी बोललो असतो. जिभेवर होतंही. पण तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, आणि मीही थकलोय हो या सगळ्याला. मी गिरण चालू केली.

जाताना ती म्हणाली, "सखूताईंना सांगाल? काय घालायचं ते घाला म्हणावं. पण या. काकूही विचारतात. भाविका पिशवीचं पीत नाही."

सखू शनिवारी आली तेव्हा मी निरोप दिला. काकूंचाही दिला. तिने ऐकून घेतला. सरकीचं पोतं रिक्षात ठेवलं, आणि रिक्षाच्या टपाला धरून उभी राहिली.

"राग नाय म्हणून सांगा, दाजी. काकूंवर पण नाय."

"मग ये की गो."

"माप ओतताना मी दुधाकडं बघायचे," ती म्हणाली. "आता गेले तर त्यांच्या तोंडाकडं बघीन. तसं नाय घालता येत दूध."