आधी हात दाखव

"आधी हात दाखव."

मिक्सर असो, गिझर असो की संगणक, कुठल्याही यंत्राला वीज द्यायच्या आधी अंकल स्वतःचे दोन्ही हात खांद्याच्या वर उचलत आणि खोलीत जो कुणी असेल त्यालाही उचलायला लावत. सगळ्यांचे रिकामे पंजे बघून झाले की मग बटण. इस्राएलमधल्या लोदच्या विमानतळावर तीस वर्षं विमानांच्या इंजिनांखाली काढलेला माणूस. तिथं एकदा एकाचा हात आत असताना दुसऱ्यानं वीज सोडली होती. त्यापुढचं ते कधी सांगत नसत. पंजे बघत.

माझी त्यांची गाठ लोदमधल्या एका किराणा दुकानात पडली. मी तेव्हा तेल अविवच्या एका कचेरीत संगणकाचं काम करत होतो. गल्ल्यावरच्या तरुणाशी एक म्हातारा हिब्रूत भांडत होता आणि मध्येच त्याच्या तोंडून निघालं, "अरे, हे पोहे नाहीत रे, भुसा आहे भुसा! ह्याचा मलिदा एलियाहू हन्नाबी तुझ्याच डोक्यावर ओतील!" गल्ल्यावरच्याला काही कळलं नाही. मलिदा म्हणजे त्यांच्या एलियाहू पैगंबराला वाहायचे गोड पोहे, हे मलाही पुढं कळलं. मी मागे उभा राहून हसलो. त्यांनी वळून पाहिलं. "कुठला तू?"

"सोलापूर."

"सोलापूरकर! चल, चहा पी."

एवढ्यावर मी त्यांच्या घरी पोचलो. त्यांना मी अंकल म्हणू लागलो, मुंबईच्या दिवसांपासून त्यांना सगळे तेच म्हणत. ते कोकणातले मराठी यहुदी; त्यांची मराठी साठ सालच्या आसपास बोटीत चढली होती आणि तेव्हापासून तिनं कपडे बदलले नव्हते. ते स्टोव्हला इस्टो म्हणत, रेडिओला वायरलेस म्हणत, आणि दर चौथ्या वाक्याला 'बेसेदेर', म्हणजे ठीक आहे. बायको वारलेली. मुलगी दोन गल्ल्या पलीकडे राहायची, दवाखान्यात नर्स होती. ते तिच्याशी मराठीत बोलत, ती हिब्रूत उत्तर देई. भांडणसुद्धा दोन भाषांत, आणि दोघांनाही सगळं कळे.

त्या पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "सोलापूरकर, तुझं अक्षर कसंय?"

"चांगलं आहे."

"मग चार ओळी लिहून दे."

टेबलाच्या काचेखाली बहिणीचं पत्र होतं. ही धाकटी बहीण, त्यांची बाय, अलिबागजवळच्या गावातच राहिलेली. कानानं पार अधू, त्यामुळे फोन म्हणजे दोन्हीकडून नुसतं हॅलो. चाळीस वर्षं दोघांचं जे काही होतं ते पत्रांतच. तिनं लिहिलं होतं की माड पडून आईच्या कबरीचा दगड फुटला. नवा बसवायचाय. आईचं नाव दोन्ही लिप्यांत आणि खाली तुला सुचेल ती एक ओळ लिहून पाठव, इथं आता हिब्रू लिहिणारं कुणी उरलं नाही, आणि पाथरवट फार थांबायचा नाही.

हिब्रू मुलीनं लिहून दिलं होतं. पाकिटात तयार होतं. मराठी राहिलं होतं, कारण मुलीला ते लिहिता येत नव्हतं आणि अंकलचा उजवा हात आता थरथरायचा. "बायला हाताचं कळता कामा नये," ते म्हणाले. "तिकडे एकटी रडत बसेल."

आता तुम्ही म्हणाल, चार ओळी! पाच मिनिटांचं काम. तुम्ही लिहून दिल्या असत्या. मी दिल्या नाहीत.

माझे वडील गिरणीच्या युनियनची पत्रकं लिहीत. मी ती वाटत मोठा झालो. त्या पत्रकांतली वाक्यं माझ्या तोंडात कायम तयार असत. मी म्हणालो, "अंकल, लिहून देणारा मिळाला की माणूस जन्मभर लिहून घेणाराच राहतो. तुमच्याकडे संगणक आहे. त्यावर मराठी नाही, कारण विकणाऱ्याला मराठीत गिऱ्हाईक दिसत नाही. पण एक प्रणाली अशी आहे जी कुणाच्या मालकीची नाही. लिनक्स. लोकांनी लोकांसाठी केलेली, फुकट. आपल्या पोरांनी तिच्यात मराठी घातलीय. मी डिस्क आणतो. तुम्ही एका बोटानं टाइप करा, अक्षर सरळच उमटेल. मी लिहून देणार नाही. तुम्हीच लिहाल."

त्यांनी पुढं केलेलं पेन परत खिशाला लावलं.

"बेसेदेर," म्हणाले. "तुझं स्वातंत्र्य बसायला किती वेळ लागतो?"

"दोन तास."

"आमचा सुपरवायझरपण दोन तासच म्हणायचा. विमान तीन दिवस जमिनीवर असायचं."

मला सुट्टी शुक्रवारची. पण शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बात लागतो, शनिवारी तारे दिसेपर्यंत सगळं काम बंद, म्हणून दुपारीच बसगाड्या थांबतात, त्यामुळे आमचे सगळे प्रयत्न शेवटच्या बसच्या आत संपवावे लागत. पहिल्या शुक्रवारी यंत्र डिस्ककडे ढुंकून बघेना, ते कसं बघायचं हे त्याला शिकवण्यातच बस आली. दुसऱ्या शुक्रवारी त्यानं विचारलं, जुनी प्रणाली बाजूला ठेवून नवी बसवू, की संगणकातली सगळी तबकडी पुसू? मी तत्त्वाचा माणूस. पुसून टाकलं. अंकलनी फक्त विचारलं, "जुना पंखा उतरवायच्या आधी नवा जागेवर बसतो का बघितलंस?" मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग नवी प्रणाली उतरू लागली आणि त्रेसष्ट टक्क्यांवर थांबली. डिस्क वाचता येत नाही.

मी डिस्क काढून शर्टाला गोल गोल पुसली. ते ओरडले, "आतून बाहेर पूस! सरळ! गोल पुसलंस की चरा पडतो." त्यांचं बरोबर होतं. चरा आधीच पडला होता. माझ्याच शर्टाच्या बटणानं.

मग शुक्रवारमागून शुक्रवार त्रेसष्ट टक्के. डिस्क पुण्याहून मित्रानं पाठवलेली होती, दुसरी यायला महिना लागणार होता. अंकल प्रत्येक वेळी चष्म्याच्या फडक्यानं ती आतून बाहेर पुसत, कडेला धरून आत ठेवत, दोघांचे हात वर करवत आणि मग बटण दाबू देत. नळीतल्या पाण्यासारखा आकडा चढायचा. साठ. बासष्ट. "सावलानूत," ते कुजबुजत. धीर धर. त्रेसष्ट. मधल्या काळात बहिणीचं दुसरं पत्र आलं. पाथरवटानं दगड घासून ठेवलाय, रोज विचारतो. अंकलनी ते मला वाचून दाखवलं नाही. मी काचेखाली पाहिलं. तरीही मी पेन उचललं नाही. आता हा दगडाचा प्रश्न राहिला नव्हता, माझ्या हरण्याचा होता.

एका हिवाळी शुक्रवारी मी बस सोडायची ठरवली. अंकलकडेच मुक्काम. सूर्य लवकर मावळत होता. मुलगी जेवण घेऊन आली आणि संगणक बघून म्हणाली, "दाय, आबा." पुरे झालं. आणि त्या दिवशी, का कोण जाणे, त्रेसष्ट ओलांडलं. चौसष्ट. सत्तर. अंकल खुर्चीवरून उठून उभे राहिले. नव्वदवर ते नवस बोलले. "एलियाहू हन्नाबी, हे बसलं तर मलिदा. पोह्यांची भानगड मी बघतो." माझ्या घरात नवस म्हणजे शिवी. पण त्या दिवशी, खरं सांगायचं तर, मनात मीही हात जोडले.

शहाण्णववर मुलीनं हाक मारली. वेळ झाली. अंकल दिव्याकडे गेले. काचेच्या पेल्यात पाणी, वर तेल, त्यात वात. कोकणात आईचा असायचा तसा. मुलीनं त्यांचं मनगट धरलं आणि थरथरत्या काडीनं दिवा लागला. शब्बात आत आला.

त्याच मिनिटाला पडद्यावर शेवटचा प्रश्न उमटला. यंत्र सुरू करणारा छोटा भाग तबकडीवर लिहू का? होय, नाही. एक कळ दाबायची होती.

मी बोट पुढं केलं.

"हात दाखव," अंकल म्हणाले.

"अंकल, मी यहुदी नाही. मला चालतं."

"तुला चालतं. घर माझं आहे."

"एक कळ! उद्या संध्याकाळी दाबायची तीच आज. दगड थांबलाय तिकडे."

ते जवळ आले. त्यांनी स्वतःचे हात वर केले होते आणि उजवा हात हवेत हलत होता. "खाली कुठली ओळ घालायचीय ठाऊक आहे तुला? 'तिचा दिवा शुक्रवारी कधी चुकला नाही.' आम्ही शनवार तेली. शनिवारी घाणा बंद. आई उपाशी राहिली, पण घाणा फिरवला नाही. ती ओळ मी तिचा शब्बात मोडून लिहू?"

मी हात वर केले.

प्रश्न तसाच पडद्यावर राहिला. उद्या संध्याकाळपर्यंत यंत्र चालू राहील, तारे दिसले की कळ दाबू, असं ठरलं. आम्ही जेवलो. खोबऱ्याच्या रसातली मच्छी होती. अंकल खुशीत होते, दगडाबद्दल बोलत होते, मध्ये मध्ये मान वळवून त्या निळ्या उजेडाकडे बघत होते.

भिंतीत टक् असा आवाज झाला. बाहेरच्या खोलीतला दिवा गेला, आणि निळा उजेडही.

शब्बातला बटणाला हात लावायचा नसतो, म्हणून तिथल्या घरांत वीज आपोआप बंद करणारं घड्याळ असतं. अंकल लवकर झोपत. त्यांनी ते वर्षापूर्वीच साडेआठला लावलेलं होतं. संगणक त्याच खोलीच्या विजेवर होता. यंत्राला हात लावण्याआधी सगळ्यांचे पंजे बघणारा माणूस एवढं एक घड्याळ विसरला होता. मीही. तिघंही ताटांवर बसून राहिलो. कुणाला काहीही करता येत नव्हतं. मुलगी हळूच काहीतरी म्हणाली आणि रडवेलं हसली. अंकल म्हणाले, "मासा खा. गार होतोय."

शनिवारी तारे दिसल्यावर आम्ही हात वर केले, बटण दाबलं. काळा पडदा, कोपऱ्यात एक लुकलुकती रेघ. डिस्क पुन्हा घातली. त्रेसष्ट.

मग माझं कचेरीतलं काम वाढलं. वाढलं म्हणजे मी वाढू दिलं. महिन्यानं नवी डिस्क घेऊन गेलो तेव्हा संगणकावर मेणकापड टाकलेलं होतं आणि त्यावर तुळशीची कुंडी.

"पाठवलं मी," अंकल म्हणाले.

"कसं?"

"पोस्टानं." त्यांनी उजवा हात डाव्यात धरून दाखवला. असं.

तेव्हा माफी मागायची होती. मी त्यांना नवी आवृत्ती किती सुधारली आहे ते सांगत बसलो. ते ऐकत होते. "बेसेदेर," म्हणाले, "बेसेदेर."

पुढच्या वर्षी मी भारतात परत आलो. अंकल गेल्याचं मुलीनं फोनवर हिब्रूत सांगितलं. तिचं शेवटचं एकच वाक्य तेवढं मराठी होतं. "आबा तुझं नाव काढायचे."

त्यानंतर मी अलिबागला गेलो. बहीण मला माडांतून कबरस्तानात घेऊन गेली. पाथरवटाला वाचण्याशी देणंघेणं नव्हतं. त्यानं दोन्ही कागद दगडावर ठेवून जसेच्या तसे गिरवले होते. वरच्या हिब्रू ओळी छापल्यासारख्या सरळ. खाली मराठी. प्रत्येक काना कापत उतरलेला, वेलांट्या वाऱ्यात सापडल्यासारख्या, शिरोरेघ खाली वर होत दगडाच्या कडेपर्यंत गेलेली. अंकलचा सगळा कंप काळ्या दगडात बोटभर खोल. तिचा दिवा शुक्रवारी कधी चुकला नाही.

"वरचं मला वाचता येत नाही," बहीण म्हणाली. तिनं खालच्या ओळीवरून हात फिरवला. "हे येतं. बघ ना, दादा किती रडत लिहीत होता."

रडत नव्हते, असं मी म्हणालो. तो आजार होता, आणि लिहून द्यायला एक माणूस समोर बसला होता, त्यानं दिलं नाही. मी मोठ्यानं म्हणालो, मग आणखी मोठ्यानं. तिनं कानामागे हात धरला, माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. तिला ऐकू येत नव्हतं.

मग मी तिथं दोन्ही हात वर करून उभा राहिलो.