कागदावरचा दोष

पिंपरीच्या कारखान्यात तो माझ्या शेजारच्या लेथवर होता. विचारल्याशिवाय बोलायचा नाही, आणि विचारलं तरी आधी हात पुसून घ्यायचा, मग सावकाश उत्तर द्यायचा.

त्याच्या बायकोला तिच्या बापानं धाक घालून बोहल्यावर चढवलं होतं. तिनं पहिल्याच दिवशी तसं सांगितलं. दोन वर्षं एका खोलीत राहून यानं तिला हात लावला नाही. वकील म्हणाले, घटस्फोट घ्या. हा म्हणाला, "न्हाई. सोडलेली म्हनून लोक तिला जगू द्यायचे न्हाईत. लग्नच रद्द व्हाया पायजे."

जबरदस्तीचं कारण द्यायची मुदत टळली होती. मग अर्ज तिनं केला आणि दुसरं कारण यानं स्वतःवर घेतलं. पुण्याच्या कोर्टात मी सोबत होतो. नवरा म्हणून आपण असमर्थ आहोत, असं त्यानं मान खाली न घालता सांगितलं. परतताना बसमध्ये मी धीर द्यायला लागलो, तर म्हणाला, "तसं काय न्हाई. पर कुनाला बोलू नका राव."

लग्न रद्द झालं. पुढं तिचं तळेगावात दुसरं लग्न झालं. याचं कोर्टातलं बोलणं मात्र सगळीकडं पसरलं, याला कुणी मुलगी देईना. कॅन्टीनमध्ये लोक हसायचे.

"आता तरी खरं सांग," मी एकदा म्हणालो.

"मी खरं बोललो, तर तिचा कागद खोटा पडंल."

म्हणून मी गप्प राहिलो. इथंही त्याचं नाव लिहिलेलं नाही.