सुतळीचे दुसरे टोक

दुकानदार असून लाजणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमचे ठिपकेमामा. मंचरच्या बाजारपेठेत त्यांचे टीव्हीचे दुकान होते. गिऱ्हाईक आत आले, सगळ्यांत थोरल्या टीव्हीकडे बोट दाखवून "हाच द्या" म्हणाले, की दुसऱ्या कोणाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या असत्या. मामांचे मात्र कान लाल व्हायला लागत. मान खाली घालून ते विचारत, "देतो की, राव. पर आधी सांगा, तुमची खाट कुठंय?"

खाट कुठे आहे हे नुसते सांगून भागत नसे. मामा स्वतः घरी जात. सदऱ्याच्या खिशात सुतळीची गुंडी कायम असे. कळंब असो, निरगुडसर असो, नाहीतर पार आहुप्याचा चढ असो, मामा घरात शिरले की चहाच्या आधी सुतळी निघे. एक टोक टीव्हीच्या जागी भिंतीला आणि दुसरे टोक घरातले म्हातारे माणूस जिथे बसते तिथे, अगदी त्याच्या नाकापाशी. "टीव्ही ह्या टोकाला टांगायचा, पर निवडायचा त्या टोकानं," हे त्यांचे ठरलेले वाक्य. मी त्यांची सख्खी भाची. पुण्याहून आले आणि त्यांच्याबरोबर गेले, की परक्या आजोबांच्या नाकाशी सुतळी धरून उभे राहायचे काम माझ्याकडे येई. घरातल्या सुना तोंडाला पदर लावून हसत आणि मला कुठे तोंड लपवू असे होऊन जाई.

ठिपकेमामा हे नाव गिऱ्हाइकांनीच पाडलेले. रिझोल्यूशन म्हणजे काय, हे मामा रांगोळीवर समजावत. "पडदा म्हंजे ठिपक्यांची रांगोळी. उंबऱ्याशी उभं राहून बघणार आसला तर ठिपकं बारीक न् दाट पायजेत. रस्त्यावरनं बघणाऱ्याला त्याचं काय?" फोर-केमध्ये फुल एचडीच्या चौपट ठिपके असतात हे ते नाकारत नसत. पण लहान पडदा आणि लांब खाट असली तर ते जास्तीचे ठिपके डोळ्याला वेगळे दिसतच नाहीत, असे त्यांचे म्हणणे. शिवाय केबलवरून येणारे चित्रच जुने, कमी ठिपक्यांचे असले तर भारी टीव्ही ते नुसते ताणून दाखवतो. "घागर मोठी घेतली म्हणून नळाला पाणी वाढतंय व्हय?" असे म्हणून ते कितीतरी लोकांना स्वस्तातला टीव्ही घेऊन घरी पाठवत. मामी कपाळाला हात लावायच्या.

पण मामा सरसकट कमीच द्यायचे असेही नाही. एसटी स्टँडजवळ झेरॉक्सच्या दुकानात बसणारी एक मुलगी डोके दुखते म्हणून डोळ्यांचे औषध घालत होती. मामा झेरॉक्सला गेले आणि तिचा मॉनिटर बघून तिथेच थांबले. पडदा चांगला होता, पण संगणकातून त्याला कमी ठिपक्यांचे चित्र जात होते, त्यामुळे अक्षरे फुगलेली, कडा पुसट. मामांनी सेटिंगमध्ये जाऊन पडद्याचे मूळ माप निवडले आणि अक्षरे एकदम नीट उभी राहिली. "तुला जवळनं वाचायचंय, पोरी. तू ठिपक्यांत काटकसर करू नको," असे तिला सांगून झेरॉक्स न काढताच ते परत आले.

एवढे नाव झाल्यावर यात्रा कमिटी मामांकडे येणारच. आमच्या गावच्या यात्रेत बैलगाड्यांची शर्यत असते. गाडा ज्या चढावर पळतो त्याला घाट म्हणतात आणि एका गाड्याच्या एका पळण्याला बारी. घाटाच्या दोन्ही कडांना पुरुषमाणसांची ही गर्दी, व्यासपीठावर मानकरी आणि पाहुणे, आणि बायका लांब समोरच्या टेकाडावर. त्या वर्षी कमिटीने ठरवले, मोठा पडदा लावायचा. भाड्याने देणाऱ्याकडे दोन होते. एक प्रचंड, पण ठिपके विरळ. दुसरा त्याच भाड्यात, आकाराने बराच लहान, पण ठिपके असे दाट की चित्र लोण्यासारखे. मामांना बोलावून फेटा बांधला, शाल दिली, पाहुण्यांच्या रांगेत खुर्ची दिली आणि विचारले, "मामा, कोणता?"

मामांनी खुर्चीत बसून दोन्ही बघितले आणि लहान, दाट ठिपक्यांचा पसंत केला. खिशातली सुतळी खिशातच राहिली. मीही शेजारच्या खुर्चीत होते आणि मलाही तोच आवडला. त्यावर गाड्यापुढे पळणाऱ्या घोडीची आयाळ केस न् केस दिसत होती. पाहुणे म्हणाले, "वा मामा!" मामांचे कान त्या दिवशी लाल झाले नाहीत, हे मला नंतर आठवले.

त्या दिवशी शेवंताआत्याच्या पाखऱ्याची शेवटची बारी होती. शेवंताआत्या म्हणजे गावातली विधवा बाई. नवरा गेल्यावर तिने हा बैल वासरापासून स्वतःच्या हाताने वाढवला होता. तो आता थकला होता, पुढच्या वर्षी पळणार नव्हता. पाखऱ्या पळाला, भंडारा उधळला, आम्ही पडद्याकडे बघून घसा बसेपर्यंत ओरडलो. शर्यती संपल्यावर आत्या टेकाडावरून हळूहळू खाली आली आणि मामांपाशी थांबली.

"भाऊ, माझा पाखऱ्या कसा पळाला रं? मला पडद्यावर निस्ता उजेड दिसला. डोळं गेलं बघ माझं."

मामांनी टेकाडाकडे पाहिले, मग पडद्याकडे पाहिले. तिथवरून तो काडेपेटीएवढा दिसत असणार, हे त्यांना त्या क्षणी कळले. मलाही कळले. आजूबाजूला कमिटी, पाहुणे, सगळे उभे होते. मामा एवढेच म्हणाले, "लई झ्याक पळाला, आत्या." आत्या मान हलवून गेली. मामांनी फेटा काढून काखेत मारला आणि घरची वाट धरली.

मला वाटले, विषय संपला. पण काही दिवसांनी मामींनी सहज सांगितले, की शेवंताआत्याने तांदूळ निवडायचे सोडले, सुई हातात घेत नाही, गोठ्यात एकटी जात नाही. सुनेला म्हणते, मला दिसत नाही, मी खडे शिजवून घालीन तुम्हांला. मामा जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारले. दुकानात जाऊन एक टीव्ही टेम्पोत घातला, शूटिंगवाल्याकडून त्या बारीचे चित्रण आणले आणि मला म्हणाले, "चल. मला एकट्याला तिच्या दारात उभं ऱ्हावंना."

आत्याच्या घरी मामांनी सुतळी काढली. एक टोक पडद्याशी धरले आणि दुसरे आत्याच्या हातात दिले. सुतळी ताणली तशी तिची बाज पुढे ओढून घेतली. मग पाखऱ्या पळाला. आत्या टक लावून बघत होती आणि एकदम ओरडली, "आरं, त्याच्या शिंगाचा गोंडा सुटलाय की! कोणी बांधला व्हता आसा?" गोंडा सुटलेला आम्हां पुढच्या खुर्चीतल्या कोणालाही दिसला नव्हता.

सुना, नातवंडे, शेजारीपाजारी दारात जमले होते. मामा त्या सगळ्यांसमोर म्हणाले, "आत्या, तुमचं डोळं धड हायेत. माप माझं चुकलं. फेटा बांधून मी पुढं बसलो न् तिथूनच पडदा निवडला."

आत्याने सुतळीचे टोक बोटाला गुंडाळले. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त वाईट. "मग तवाच बोलायचं व्हतंस की रं, भाऊ. म्या एवढं दिस आंधळी व्हऊन बसले."

परतताना मामा टेम्पो बाजूला घेऊन थांबले. "पडदा चुकला त्याचं काय नाय गं," ते म्हणाले, "तेवढी चूक कोणाकडनं बी व्हईल. पर ती बिचारी सोताला आंधळी म्हणत व्हती न् म्या चार माणसांत माझी लाज राखली." इतका शरमलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. पुढच्या वर्षी त्यांनी विरळ ठिपक्यांचा प्रचंड पडदा घ्यायला लावला आणि स्वतः टेकाडावर बायकांमध्ये जाऊन बसले. लोक हसले. फेटा त्यांनी पुन्हा बांधून घेतला नाही, माझ्या लग्नातसुद्धा.

मागच्या वर्षी मामा गेले. दहाव्याला नदीकाठी सगळा तालुका लोटला, कारण ज्याच्या घरी मामांनी सुतळी धरली नाही असे घर विरळाच. प्रवचन चालू असताना मामांचा फोटो मागच्यांनाही दिसावा, म्हणून दुकानात उरलेल्यांपैकी सगळ्यांत चांगला फोर-के टीव्ही मी महाराजांच्या शेजारी लावायला सांगितला होता. फोटोही मीच निवडला होता, मामा लाजून हसताहेत असा. घरच्यांसाठी ठेवलेल्या पुढच्या जागेवर बसून तो पाहिला तेव्हा मला हुंदका आवरेना. तो दाबत मी उठले आणि पाणी प्यायला मांडवाच्या मागे गेले.

मागे, शेवटच्या सतरंजीवर शेवंताआत्या बसली होती. मी वळून पुढे पाहिले. माणसांच्या डोक्यांवर एक छोटा पांढरा चौकोन दिसत होता. त्यात मामा नव्हते, नुसता उजेड होता. माझे कान तापले. तिथे चार ओळखीची माणसे उभी होती, तरी मी आत्याजवळ वाकले आणि मोठ्याने म्हणाले, "आत्या, तुमचे डोळे धड आहेत हं. माप माझं चुकलं."

"ठावं हाय मला," आत्या म्हणाली. "भाऊ सांगून गेलाय."

तिने सतरंजीवर सरकून मला जागा केली. प्रवचन संपेपर्यंत मी तिथेच बसले.