मार्शल कुठं लावू?

गाडी उलटायची वाट बघत उन्हात उभ्या राहणाऱ्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. दुसरं करायला काही नसतंच! गाडी उलटली की धावायचं, ती सरळ करायची, परत आपल्या वळणावर येऊन उभं राहायचं. मधल्या वेळात आजूबाजूला बघायचं. आणि आमच्या उंद्री गावच्या ट्रॅकवर बघण्यासारखं पुष्कळ असतं. घरी आठवून एकटीच हसले की आई विचारते, "बरी आहेस ना?" म्हणून इथे सांगून मोकळी होते.

आधी थोडं समजावते. आमच्या शर्यती रिमोटवर चालणाऱ्या गाड्यांच्या. 'खेळणी' म्हणू नका, त्या चालवणारा आमचा अक्षय चिडतो. हातभर लांबीच्या बॅटरीच्या गाड्या, पण सुटल्या की मोटरसायकलवाल्यानेही बाजूला व्हावं! चालवणारे उंचावर ओळीने उभे राहतात. खाली प्रत्येक वळणावर एक मार्शल. गाडी उलटली की चालवणारा "मार्शल!" म्हणून ओरडतो आणि त्या वळणावरचा माणूस धावतो.

बेंगळुरूला शिकत असताना मी दर आठवड्याला हे काम करायचे आणि त्याच्या प्रेमातच पडले. विचार करा, गाडी दुसऱ्याची, शर्यत दुसऱ्याची, तुमचा नंबर येणार नाही, फोटो निघणार नाही. तरी ती उलटली की तुम्ही धावायचं! यापेक्षा चांगलं नागरिकशास्त्र कुठे शिकवतात? असं मी म्हटलं की समोरचा माणूस मोबाइल काढतो. तरी मी म्हणतेच.

शिक्षण संपवून परत आले ते हेच डोक्यात घेऊन. आपल्या जिल्ह्यात का नको? पण जागा मिळेना. शाळेचं मैदान नाही म्हणाले, बाजाराचं मैदान नाही म्हणाले. शेवटी देवरावकाकांनी गावाबाहेरचं त्यांचं बरड वावर दिलं. तिथे तूरही धड येत नव्हती. काकांची अट एकच.

"पोरी, गाड्या किती बी आपटा. पन मानसाले एक खरचटा जरी आला, त त्याच दिवशी बिस्तरा गुंडाळा."

दुसरी जागा नव्हती. त्यामुळे अख्खा हंगाम माझं लक्ष गाड्यांपेक्षा लोकांच्या हातापायांवर जास्त होतं.

*

ट्रॅक आम्हीच आखला. कडेला ड्रिपच्या जुन्या नळ्या, चालवणाऱ्यांना उभं राहायला ट्रॅक्टरची ट्रॉली. मी गावाच्या ग्रुपवर मेसेज टाकला : "रविवारी सकाळी मार्शल पाहिजेत. टोपी आणि पाणी आणावे."

रविवारी आधी धूळ आली, मग हॉर्न, मग सलीमभाईंची जीप. सलीमभाई उंद्री ते चिखली सवारी भरतात, मी शाळेत जायच्या आधीपासून. खाली उतरले. डोक्यावर टोपी, हातात पाण्याचा कॅन.

"ताई, मार्शल आनली. कुठं लावू?"

मी आधी त्यांच्याकडे, मग जीपकडे बघितलं. मग डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं बाहेर राहून एक गोष्ट मी साफ विसरले होते. आमच्याकडे मार्शल म्हणजे जीप! त्या जीपचं नावच ते. लग्नाला मार्शल, दवाखान्याला मार्शल, 'मार्शल भरली का?', 'मार्शल गेली का?' सगळा तालुका तिच्यातून फिरलेला.

"सलीमभाई, मला मार्शल म्हणून माणूस हवा होता."

त्यांनी स्वतःकडे बोट केलं. "मानूस? मानूस बी आलाच ना मंग, मार्शलसंग!"

तिथल्या तिथे त्यांना भगभगीत नारिंगी जाकीट घातलं. सरळ रस्त्याच्या शेवटचं वळण त्यांचं. पण पहिले काही रविवार कोणी ट्रॉलीवरून "मार्शल!" ओरडलं की ते आधी जीपकडे वळून बघायचे, कोण बसलं म्हणून.

जीप त्यांनी आपल्या वळणामागेच लावली, ट्रॅकला लागून. तिच्या सावलीत पलीकडच्या बाजूला काकांची प्लास्टिकची खुर्ची. काका शर्यत बघायला येत आणि झोपत. "पाह्याचं काय त्याच्यात? आवाज आयकून राह्यलो ना मी."

मी नियमाप्रमाणे सांगितलं, "सलीमभाई, ट्रॅकला लागून वाहन नको. जीप हलवा."

"हो ताई, हालवतो."

पुढे दर रविवारी मी हेच म्हटलं, आणि दर रविवारी त्यांनीही हेच म्हटलं!

*

एकदा शर्यतीच्या आदल्या दिवशी आम्ही जाकिटं घालून ट्रॅक नव्याने आखत होतो. हातात लांब टेप, जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा. रस्त्याने जाणारी एक मोटरसायकल थांबली. मग दुसरी. थोड्या वेळाने बघते तर बांधावर ही गर्दी! सगळ्यांची नजर टेपवर. त्यातले एक आजोबा पुढे आले.

"बाई, साहेब कुठं हायेत?"

"कुठले साहेब?"

"रस्त्याचे. मोजनी चालू हाय ना? कोनाकोनाचं वावर जाऊन राह्यलं?"

मी वळून आमच्याचकडे बघितलं. नारिंगी जाकिटं, चुना, टेप! त्यांच्या जागी मी असते तरी मला दुसरं काय वाटलं असतं? मी धावत जाऊन एक गाडी आणली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीसुलटी करून पाहिली.

"म्हंजे रस्ता हिच्यासाठी?"

"हो."

"एवढाच?"

"एवढाच, आजोबा."

आजोबा तिथेच बांधावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं. मागे सगळ्यांचे फोन सुरू झाले, "काही नाही बे, रिमोटच्या गाड्या हायेत!" कोणीतरी टाळ्याच वाजवल्या. एवढा सुटकेचा निःश्वास एका वेळी मी कधी ऐकला नव्हता.

एकच माणूस तोंड पाडून उभा. जाताना माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "ताई, हा रस्ता कधी मोठा केला, त माह्या वावरातून काढजा!"

*

दुसऱ्या वळणावर वैशालीताई. त्या अंगणवाडी सेविका. गावातल्या निम्म्या पोरांना त्यांनीच अक्षर ओळखायला शिकवलं आणि शेंबूडही पुसला. मार्शल म्हणून त्या अत्यंत तत्पर, पण एक अडचण होती. अक्षयची गाडी त्यांच्या वळणावर उलटली की त्या धावत जात, गाडी उचलत, पदराने पुसत, चारी चाकं फिरवून बघत, आणि मग अलगद खाली ठेवत. तोपर्यंत बाकीच्या गाड्या एक फेरी मारून येत!

अक्षयचं चिखलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान. हात सोन्याचे, जीभ तिखट. तो ट्रॉलीवरून ओरडला, "ओ ताई! दृष्ट मंग काढजा, आधी सोडा तिले!"

शर्यत संपल्यावर मी वैशालीताईंना समजावलं. मार्शलने फक्त सरळ करायचं. पुसायचं नाही, तपासायचं नाही, दुरुस्त करायचं नाही.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुन्हा चार वर्षांची झाले. "तू माह्या अंगनवाडीत पडली होती तवा तुले नुसतं उभं केलं होतं का मी? झटकलं नव्हतं?"

त्यानंतर मी तो विषय काढला नाही. अक्षय मात्र त्या वळणावर गाडी सावकाश चालवायला शिकला. दुसरा कोणताही गुरू त्याला ते शिकवू शकला नव्हता!

*

आमचा नियम असा, की एका शर्यतीत गाडी चालवली तर पुढच्या शर्यतीत मार्शल म्हणून उभं राहायचं. अक्षयला हे मुळीच पटत नसे. एकदा त्याच्या पायापाशीच एक गाडी उलटली, आणि हा हात मागे बांधून उभा.

"अक्षय, उचल!"

"ते पह्यल्या नंबरवर हाय. उचलली त जितते ना!"

माझं डोकं सणकलं. त्याला ट्रॉलीच्या मागे नेलं आणि मनातलं सगळं बोलले. समाज म्हणजे काय, पडलेल्याला उचलताना नंबर विचारायचा नसतो, प्रत्येकाने आपलं वळण सांभाळलं तर देश कुठे जाईल, सगळं.

फक्त माझ्या हातातला, शर्यतीच्या घोषणांचा माइक चालूच राहिला होता.

बाहेर आले तर सगळं वावर माझ्याकडे बघत होतं. सलीमभाईंनी टोपी काढून छातीशी धरलेली. आणि खुर्चीतून काकांचा आवाज, "उभी राहून राह्यली का हे पोरगी? कोनत्या चिन्हावर?"

*

याच अक्षयने माझा जीव अर्धा केला होता. एप्रिलची गोष्ट. फायनलच्या आधीची शर्यत जिंकल्याच्या आनंदात त्याने ट्रॉलीवरून उडी मारली आणि कोपर सोलून घेतलं. रक्त दिसताच आम्ही सगळे एकदम काकांच्या खुर्चीकडे बघायला लागलो. काका झोपलेले. वैशालीताईंनी जखम धुतली, पट्टी बांधली, आणि सलीमभाईंनी जीपमधलं आपलं स्वेटर काढून त्याच्या अंगात चढवलं.

दुपारच्या त्या उन्हात काका जागे झाले. समोर अक्षय, पूर्ण बाह्यांचं स्वेटर घालून, घामाने निथळत.

"काऊन बे? स्वेटर?"

"थंडी वाजून राह्यली काका."

काकांनी त्याच्या कपाळाला हात लावला. "अरे बाप्पा! याले त ताप हाय. सलीम, घरी सोड याले!"

आणि फायनलला पहिल्या नंबरवरून सुटणारा अक्षय, स्वेटर घालून, जीपमधून घरी गेला. ट्रॅक वाचला! त्याने पुढचा महिनाभर मला नमस्कारही केला नाही, ते सोडा.

*

शेरू हा काकांचा कुत्रा. एकदा ऐन शर्यतीत बीबी गावाहून आलेल्या एका पाहुण्याची गाडी उलटली. मार्शल पोहोचायच्या आत शेरू पोहोचला. गाडी तोंडात धरली आणि वावर आडवं कापत थेट काकांकडे निघाला. वाटेत शेवटची रेघ लागते. गाडीत चिप असते, रेघ ओलांडली की कॉम्प्युटर फेरी मोजतो. टूंऽऽ! हंगामातली सगळ्यात वेगवान फेरी!

पाहुणा ट्रॉलीवर नाचायला लागला. बाकीचे भांडायला लागले. मी नियम काढून मोठ्याने वाचला : बाहेरच्या कोणाचीही मदत घेतल्यास फेरी बाद.

काका खुर्चीतून उठून बसले. शर्यतीच्या कामात त्यांनी तोंड घातलं ते तेवढ्या एकदाच.

"बाहेरचा? शेरू बाहेरचा कसा काय? बाहेरचे तुम्ही हाय. वावर त्याचं हाय!"

फेरी धरली. ती आजपर्यंत कोणाला मोडता आलेली नाही.

*

आणि मग हंगामातली शेवटची शर्यत. पेरणी तोंडावर आलेली. काकांनी सकाळीच सांगितलं होतं, "आजचा दिवस नीट जाऊ द्या. मंग दिवाळीनंतरचं पाहू." पार जळगाव जामोदहून लोक आले होते. मी प्रत्येक मार्शलला दोनदा समजावलं, पाण्याचे कॅन मोजले, नळ्या ताणून बघितल्या आणि शेवटी म्हटलं, "सलीमभाई, आज तरी जीप."

"हो ताई, हालवतो."

सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटच्या फेऱ्या उरल्या होत्या. तेवढ्यात जळगाव जामोदच्या पाहुण्याची गाडी त्याच्या रिमोटचं ऐकेना. सरळ रस्ता, पूर्ण वेग, आणि वळायचं नाव नाही. तो वरून जिवाच्या आकांताने ओरडला, "मार्शल! मार्शल!"

सलीमभाईंनी झेप घेतली. गाडी त्यांच्या हाताखालून निसटली, नळीवर आपटली आणि उडाली. तिच्या नाकाच्या रेषेत थेट काकांची खुर्ची. 

टक्क!

गाडी जीपच्या मागच्या चाकावर आदळून खाली पडली. पोट वर, चाकं अजून फिरत होती. पलीकडे, हातभर अंतरावर, काकांनी एक डोळा उघडला.

"काय झालं बे?"

 अक्षयने माझ्याकडे बघितलं, मी वैशालीताईंकडे, त्यांनी आकाशाकडे.

सलीमभाई उठले. आधी स्वतःचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. कुठे काही नव्हतं. मग शांतपणे गाडी उचलली, सरळ केली, झटकली.

"काही नाही काका. एक गाडी बाहेर आलती. मार्शलनं अडवली."

"मंग?" काकांनी डोळा मिटला. "त्याच्यासाठीच त उभे करता ना. दिवाळीनंतर बी तोच मार्शल ठेवजा."