डाव्या कोपऱ्यावरच्या संभाची चौकशी

चहा सांगितलाच आहे तर बसा निवांत. आज एक असा घोटाळा सांगतो की तुम्ही म्हणाल, नाना, हे तुम्ही सांगताय तरी कुठल्या तोंडाने? त्याच तोंडाने सांगतोय, ज्याने तो घोटाळा केला. दुसरं तोंड आणू कुठून?

रहिमतपुरात माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली की लोक ती माझ्याकडे आणतात, मी तांब्याची तार नव्याने भरून देतो. माझ्या हातची मोटर कशी चालते म्हणाल, तर एका शेतकऱ्याने बटण दाबलं आणि विहिरीतला मासा थेट त्याच्या डाळिंबाच्या झाडावर जाऊन बसला. हसू नका. झाड अजून आहे.

तर आमच्या गावाचा कबड्डीचा संघ आहे. संघात खेळाडू सात, पण गावाच्या लेखी दोनच. एक आवडता आणि एक नावडता. उरलेले पाच मैदान भरायला.

आवडता म्हणजे बंटी. काय पोरगं! केसांत सोनेरी पट्टा, मनगटावर लाल रुमाल, चढाईला निघण्याआधी मांडीवर अशी थाप मारतो की मागच्या रांगेतली लहान पोरं झोपेतून उठतात. दोन गुण आणतो आणि चार घालवतो, हे मला मान्य आहे. पण घालवताना सुद्धा काय ऐटीत घालवतो!

आणि नावडता म्हणजे संभा. डाव्या कोपऱ्यावर खेळतो. डेअरीत दुधाचा फॅट तपासायला असतो आणि मैदानातही तसाच उभा राहतो, समोर काचेची नळी धरल्यासारखा. एखाद्याची पकड केली की त्याला उठवतो आणि त्याच्या पाठीवरची माती झटकतो! अरे, तो काय तुझा मेहुणा आहे?

तेही मी सोसलं असतं. पण फलटणची सेमीफायनल! गुण बरोबरीत. शेवटची चढाई मलकापूरच्या पोराची. आमच्या पोरांनी त्याला कुणालाही शिवू न देता परत पाठवलं, पंचांनी मान हलवली, मी टोपी हवेत फेकली. आणि ह्या संभाने हात वर केला!

"काय झालं?" पंच म्हणाले.

"लागलं मला," संभा म्हणाला. "बोट लागलं. बनियनला."

झालं! मलकापूर एका गुणाने जिंकलं. टोपी खाली यायच्या आत आम्ही बाहेर.

त्या दिवसापासून संभाचं नाव काढलं की मला ठसका लागायचा. आता अशा माणसाकडे कुणी त्या संभाच्या लग्नाची चौकशी करायला यावं का? पण आले.

गुरुवारची दुपार होती. दोन पाहुणे मोटरसायकलवरून उतरले. पुढचे चष्मेवाले, शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, सांगलीच्या गावभागातले. सोबत त्यांचा मेव्हणा.

"संभाजी म्हणून मुलगा आहे ना तुमच्या गावात? डेअरीत असतो," मास्तर म्हणाले. "आमच्या मुलीसाठी बघतोय. कालच तो आमच्याकडे येऊन मुलगी बघून गेला. कसा आहे?"

शहाण्या माणसाने इथे काय करावं? मोटरवर लक्ष द्यावं. पण माझ्या डोळ्यांसमोर तो वर झालेला हात आला.

"संभा व्हय?" मी स्टूल पुढे सरकवलं. "बसा. लांबची गोष्ट हाय."

"मुलगा शांत वाटला आम्हाला."

"शांत? आवं, झोपल्याला असतोय त्यो! उभ्या उभ्या!"

"काही व्यसन?"

"व्यसन कराय बी अंगात हुशारी लागती, पाव्हणं."

"राग वगैरे?"

"राग न्हाई, लोभ न्हाई, घरात आला काय आन् गेला काय, कळायचं न्हाई. पोरीला वाटंल, माझं लगीन झालं का कपाट आणलं!"

मास्तरांनी खिशातून छोटी वही काढली आणि लिहून घ्यायला लागले. लिहून घेणारा माणूस भेटला की माझं काय होतं, तुम्हाला माहीत आहे. मी सुटलो.

"ऐन वक्ताला सगळ्या गावाला बुडवलंय त्यानं. पोरगी द्यायचीच असली तर आमच्या बंटीला द्या. वाघ हाय, वाघ! लिवा. बंटी."

त्यांनी लिहिलं. मेव्हण्याने कपाळाला हात लावला. दोघं निघून गेले आणि मी समाधानाने चहा मागवला. फलटणचा हिशेब फिटला, तुम्हाला सांगतो!

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात कोण यावं? संभा. पाच हॉर्सपॉवरची मोटर त्याने एकट्याने गाडीतून उतरवली आणि बाळाला पाळण्यात ठेवावं तशी माझ्यासमोर ठेवली. पण जाईना. दारातच घुटमळायला लागला.

"काय रं? काय पायजे?"

"नाना, एक सांगू? हसू नका."

"बोल की."

"पोरगी बघितली. सांगलीची. औषधाच्या दुकानात कामाला हाय. अश्विनी नाव." एवढं बोलून त्याला घाम फुटला. "तुमास्नी ठावं हाय, मला किती ठिकाणास्नं नकार आला. शेती हाय म्हणून न्हाई म्हणत्यात, बोलत न्हाई म्हणून न्हाई म्हणत्यात. पर हिच्यासंगं मी बोललो, नाना. पाऊण तास!"

"तू? काय बोललास?"

"म्हशीच्या दुधाच्या फॅटबद्दल."

"अरं, कर्मा माझ्या! मग ती उठून गेली आसंल."

"न्हाई. तिनं इचारलं, आन् गाईच्या दुधाला किती लागतो?" संभाच्या तोंडावर असं काही पसरलं की मला पक्कड खाली ठेवावी लागली. "लय मनापास्नं ऐकत व्हती, नाना. ऐतवारी निरोप येणार हाय, व्हय का न्हाई. तवर घास उतरंना. ती मान्सं गावात चौकशी करत्याल. तुमच्याकडं आली तर..."

"तर?"

"तर आसंल त्ये सांगा. माज्यासाठी खोटं बोलू नका."

गेला. असा गेला आणि मला कुणीतरी चालू मोटरची उघडी तार हातात दिल्यासारखं झालं.

दुपारी घरी जेवायला गेलो आणि बायकोला, म्हणजे सुमनला, सगळं सांगून टाकलं. माझ्या बायकोचं एक आहे, ती ओरडत नाही. ती वाढायचं थांबते.

"आवं, आपलं रेडकू हिरीत पडलं तवा कोण उतरलं व्हतं?" ती म्हणाली.

"संभा. पर सेमीफायनलला त्यानं..."

"कबड्डीला द्यायची हाय व्हय त्यास्नी पोरगी?"

मी ताट पुढे केलं. भाकरी तिच्या हातात होती.

"उद्या पयल्या गाडीनं सांगली गाठा," सुमन म्हणाली. "केल्यालं निस्तरा. आन् ऐका, खरं त्येवढंच बोला."

आता तुम्हीच सांगा. खरं तेवढंच बोलायचं तर सांगलीपर्यंत जायचं कशाला? पण शनिवारी सकाळी पॅसेंजरमध्ये बसलो आणि कराड येईस्तोवर संभाचे गुण जमवत राहिलो. कराडच्या पुढे सुचायला लागलं, आणि भिलवडी मागे पडेपर्यंत तर असं काही सुचलं की समोरच्या सीटवरची म्हातारी जागा बदलून बसली.

गावभागात विचारत विचारत मास्तरांचं घर गाठलं. मास्तर सतरंजीवर बसून कसलीशी यादी करत होते. त्यांच्या घरच्या बाई शेजारी बसून नावं सांगत होत्या. मला बघितल्यावर दोघांचे चेहरे असे खुलले, की मला वाटलं, मी चुकून दुसऱ्याच घरात शिरलो.

"या, या, मोटारीवाले नाना! अगं, हेच ते!"

बाईंनी भडंगाची ताटली आणली. वर कांदा, शेंगदाणे. आणि मला लाज वाटायला लागली. म्हटलं, ज्याने पोराचं वाटोळं केलं त्याला हे लोक भडंग देतायत! आता कसर ठेवायची नाही.

"मास्तर," मी हात जोडले, "परवा म्या बोललो त्ये इसरा. संभासारखा पोरगा उभ्या सातारा जिल्ह्यात न्हाई."

मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

मला वाटलं, कमी पडलं.

"आवं, त्यो डेअरीत पाऊल टाकतो आन् दुधाचा फॅट वर चढतो! पाण्यासारखं दूध आसलं तरी लाजून घट्ट व्हतंय!"

बाईंनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, गहिवरल्या.

"गेल्या पावसाळ्यात वढ्यात बैलगाडी अडकली. ह्यानं एका हातानं गाडी उचलली, आन् दुसऱ्या हातानं बैलाच्या पाठीवरनं हात फिरवला! बोलतो कसा म्हणाल तर, एकदा पुण्याचा वकील ऐकाय बसला व्हता, त्यो म्हणाला..."

"पुरे!" मास्तर उभे राहिले. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. "अगं, ती यादी राहू दे. निरोप उद्या पाठवायचा नाही."

माझ्या हातातला भडंगाचा घास हातातच राहिला. "का? काय झालं?"

"काय झालं? नाना, तुम्ही वाईट सांगितलं म्हणून तर आम्ही होकार ठरवला होता! लग्नाच्या पाहुण्यांची यादीच करत होतो!"

मला वाटलं, प्रवासाने माझे कान गेले.

मास्तरांनी ती छोटी वही काढली. "त्या दिवशी तुमच्या दुकानातून निघालो तेव्हा आम्ही परतच चाललो होतो. वाटेत फुलवाल्या बाईंकडे थांबलो. त्यांनी विचारलं, चौकशी कुठं केली? म्हटलं, मोटारीवाल्या नानांकडं. त्या म्हणाल्या, काय सांगितलं? म्हटलं, वाईट. तर त्या बाईंनी आमच्या हातात फुकट गजरा ठेवला!"

"गजरा?"

"म्हणाल्या, 'मग झालं की काम! नाना वंगाळ म्हणाला म्हंजी पोरगं सोन्यावाणी.' आम्हाला खरं वाटेना. न्हाव्याला विचारलं, तो म्हणाला, 'नानाला इचारायचं आन् उलटं करायचं, गावात समद्यास्नी ठावं हाय.' देवळातले गुरव म्हणाले, 'नाना म्हणाला औंदा पाऊस लय, की आमी हिरीचा गाळ काढाय घेतो.' पाच जणांना विचारलं. पाचांचं एकच." मास्तरांनी वही मिटली. "आणि तुम्ही सुचवलेल्या त्या बंटीच्या तर आम्ही गल्लीतनं सुद्धा गेलो नाही."

काय वाटलं असेल मला? इतकी वर्षं गाव माझं बोलणं जीव लावून ऐकतंय म्हणून मी खूश होतो. ऐकत होतं, खोटं नाही!

पण तेव्हा माझ्या अब्रूपेक्षा संभा महत्त्वाचा होता. त्याने पाऊण तास बोलून जमवलेलं मी पाच मिनिटांत मोडलं होतं.

"मास्तर, आज म्या खोटं बोललो!" मी ओरडलो.

"म्हणजे मुलगा चांगला नाही?"

"चांगला हाय की!"

"बघा, परत चांगला म्हणताय!"

"अगं बाई!" बाई मटकन खाली बसल्या.

तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला. "नाना, एक विचारू?"

अश्विनी. डोळे भरलेले, पण आवाज सरळ.

"तुमचं त्यांच्याशी नेमकं काय वाकडं आहे?"

आता इथे मी सावध राहायला हवं होतं. पण तो प्रश्न म्हणजे माझ्या दुखऱ्या दाढेवर ठेवलेलं बोट.

"वाकडं?" मी ताडकन उठलो. भडंग सतरंजीभर झालं. "पोरी, फलटणची सेमीफायनल! गुण बरोबरीत! मलकापूरचं पोरगं मोकळं परत गेल्यालं! पंचाला दिसलं न्हाई, मला दिसलं न्हाई, मलकापूरकरास्नी सुद्दा दिसलं न्हाई! आन् ह्यो शाणा हात वर करून म्हणतोय, लागलं मला! बनियनला! अरं, बनियन काय बोलाय येणार व्हतं का? म्या इचारलं त्याला, कुणी बघितलं व्हतं रं? तर मलाच म्हणतोय, नाना, मला लागलं त्ये मला कळलं न्हवं का! एका गुणानं गेलो, पोरी! एका गुणानं! म्या चार दिस जेवलो न्हाई! नालायक! त्याच्याएवढा नावडता खेळाडू म्या जन्मात बघितला न्हाई!"

माझा श्वास संपला. मास्तर बाईंकडे बघत होते, बाई अश्विनीकडे.

अश्विनी आधी हसली, मग तिने डोळे पुसले, आणि मग परत हसली.

"बाबा," ती म्हणाली, "यादी घ्या परत."

मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. मला काय भरून आलं म्हणून सांगू! संभाचा घास आता उतरणार होता. मी दोन्ही हात वर केले आणि म्हणालो, "पोरी, तुमचा संसार असा सुखाचा व्हवो की..."

"नाना!" मास्तर झेप घेऊन मध्ये आले. "पाया पडतो तुमच्या! आशीर्वाद तेवढा देऊ नका!"

मी हात खाली घेतले. गुपचूप चपला घालायला दारात आलो. मागून बाई आल्या. जरा संकोचल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "राग मानू नका भाऊ, पण जाता जाता थोडं वाईट बोलून जाता का? तेवढंच मनाला बरं वाटेल."

काय करणार? घसा साफ केला, उंबऱ्यात उभा राहिलो आणि शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल असा बोललो, "ह्ये लगीन टिकायचं न्हाई! दोन म्हैन्यांत भांडत्याल! पोरगी जन्मभर पस्तावणार हाय, सांगून ठिवतो!"

बाईंचा चेहरा असा फुलला! त्या धावत आत गेल्या, डबा घेऊन बाहेर आल्या आणि माझ्या उघड्या तोंडात चमचाभर साखर ओतून म्हणाल्या, "भाऊ, देव पावला!"