आईनं केलेलं कौतुक

माझा आजार बदलला. म्हणजे आजार तोच असेल, नाव बदललं. इतकी वर्षं मला डिप्रेशन होतं. एका दुपारी राइट टाउनमधल्या दवाखान्यातून बाहेर पडले तेव्हा ते नव्हतं, दुसरंच काहीतरी होतं. आणि हे घडवून आणलं माझ्या आईनं, माझं कौतुक करून.

जुने डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेले होते. नव्या डॉक्टरबाई माझ्याहून लहान, आणि हिंदीच बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, घरातल्या कोणाला तरी घेऊन या, मला त्यांच्याशीही बोलायचं आहे. घरात आई आणि मी, दोघीच. आता माझ्याबद्दल कोणीही काहीही विचारलं की ते स्थळासाठी विचारताहेत असं आईला अजून वाटतं. मी चाळिशी ओलांडली, शाळेत मुलं मला घाबरतात, तरी तिचं तेच. त्या दिवशी तिनं ठेवणीतली पांढरी साडी काढली, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

"डॉक्टर साब, ये हमेशा ऐसी गुमसुम नहीं रहती," तिनं सुरुवात केली. "उस साल की जयंती तो पूरी इसने अकेले की."

आमच्याकडे नुसतं जयंती म्हटलं की कोणाची ते सांगावं लागत नाही. महाराजपुरातल्या आमच्या कॉलनीत एप्रिल महिना त्यासाठीच येतो. त्या वर्षी मी एका बैठकीत नाटक लिहिलं, मुलांना बसवून दिलं, कमानिया गेटच्या बाजारातून निळ्या कापडाचे तागे आणले, हवे होते त्याच्या दुप्पट. उरलेल्या कापडाचे अभ्रे घातलेल्या उशांवर आम्ही अजून झोपतो. आई हे सगळं रंगवून सांगत होती. मी रात्ररात्र जागायचे तरी थकायचे नाही. एकटीच कामं ओढायचे. इतकी भरभर बोलायचे की जयंती मंडळातल्या बाप्यांना मध्ये तोंड घालता यायचं नाही. डॉक्टरबाई शांतपणे विचारत होत्या, ऐसा और कब हुआ? आणि आई, तिला काय, ती एकेक आठवून देत होती. मलाही बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. आपल्याबद्दल इतकं चांगलं रोज कुठे ऐकायला मिळतं.

"और जयंती के बाद?"

"बाद में थोड़ी गर्मी लग गई थी," आई म्हणाली.

मग डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. ते जे चांगले दिवस होते ना, तेही आजाराचाच भाग असू शकतात, असं त्यांनी हळू आवाजात समजावून सांगितलं. बायपोलर. जुनी गोळी कदाचित मला नको तितकं वर ढकलत असेल. ती हळूहळू कमी करून दुसरी सुरू करावी असं त्यांना वाटतं, मधूनमधून रक्त तपासावं लागेल. घाई नाही, विचार करून सांगा, पण आपल्या मनानं काही बंद करू नका.

ऑटोमध्ये आईनं साडीच्या निऱ्या सारख्या केल्या. मग म्हणाली, "मी काही गलत बोलली का वं?"

"नाही," मी म्हटलं. खरं तर मला तिचा भयंकर राग आला होता. डॉक्टरांचाही आला होता. माझी उदासी त्यांनी खुशाल घ्यावी, ती मी कधीच माझी मानली नव्हती. पण माझ्या आयुष्यातले मोजके झळाळते दिवस होते, तेही आईनं त्यांना देऊन टाकले.

पुढचे काही आठवडे मी स्वतःला चाळत बसले. स्कूटर घेतली ती हौसेनं की आजारानं? मुख्याध्यापकांशी भर सभेत भांडले ते काय होतं? आजार असेल तर लाज वाटायला हवी, माझं असेल तर अभिमान, आणि मला दोन्ही आलटूनपालटून वाटत होतं. सकाळी चहा करताना गाणं गुणगुणलं तरी मी मध्येच थांबायचे. नवी गोळी घेतली तर तसे दिवस पुन्हा यायचे नाहीत. नाही घेतली तर काय, ते मला नीट कळत नव्हतं. डोक्याचं नुसतं भजं झालं होतं.

मार्चमध्ये मंडळाची माणसं नेहमीप्रमाणे आली. दीदी, यावर्षी नाटक तुम्हीच. मी बोलायला लागले, पडदा असा, मुलं इकडून येतील, आणि बोलता बोलता हसले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती हसत नव्हती. ताप आहे का बघावं तशी माझ्या तोंडाकडे बघत होती.

ती माणसं गेल्यावर मी चिडून विचारलं, "काहून अशी बघून राहिली? झोपले होते मी रात्री, चांगली झोपले होते. आता हसायचंही नाही का?"

ती खाली बसली. "तुला ती जयंती आठवते," ती म्हणाली. "मला त्याच्यानंतरचा मे आठवते. तू म्हणे, आई, आता मला जाऊ दे. रोज म्हणे. मी गच्चीच्या दाराला कुलूप लावून किल्ली पदराला बांधून फिरत होती."

ते कुलूप माकडांसाठी लावलंय असं तिनं मला सांगितलं होतं, आणि मी ते खरं मानलं होतं. मे महिना मला आठवतो तो पंख्याचा आवाज आणि भिंतीकडे केलेलं तोंड, एवढाच. असं काही मी बोलले होते हे मला आठवत नाही. अजिबात आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात फोन केला, नवी गोळी सुरू करूया म्हणून. डॉक्टरबाईंनी विचारलं, मनाची तयारी झाली? मी म्हटलं, मला अजून काही कळलेलं नाही, पण करूया. आणि जयंतीनंतर काय झालं होतं ते आई आता नीट सांगेल.

आईला म्हटलं, येशील ना?

"येते," ती म्हणाली. "पण ते मला हिंदीत नाही सांगता येणार. तू सांगशील."