ऑसलवुडची आंधळी खिडकी

ऑसलवुड या जुन्या इंग्रजी हवेलीच्या दर्शनी भिंतीला वरच्या मजल्यावर पाच खिडक्या, आणि त्यांतली एक आंधळी. खाली दगडी पट्टी आहे, वर कमान आहे, काचेच्या जागी मात्र नुसत्या विटा. म्युरिएल ओकडेनच्या डोक्याला सव्वीस वर्षं ताप आहे तो हिचाच.

दर शनिवारी ती छातीवर बिल्ला लावून दारातल्या खुर्चीत बसते, आलेल्यांना घर समजावून सांगते. पगार नाही, वर चहासुद्धा घरून आणायचा. आणि दर शनिवारी कोणीतरी शहाणा वर बोट दाखवतच आत शिरतो. "पूर्वी खिडक्यांवर कर होता ना? म्हणून बुजवली!"

"नाही हो, नाही! आत कपड्यांची कोठी आहे, तिथे उजेड हवाय कोणाला? समोरून दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून मुळातच आंधळी बांधली."

लोक मान डोलावतात आणि बाहेर पडताना बायकोला हळूच सांगतात, "करामुळेच गं, करामुळेच." ते म्युरिएलला बरोबर ऐकू येतं. अशा वेळी छत्री फेकून मारावीशी वाटते तिला.

तिचा नवरा सिरिल तिला गाडीतून सोडतो आणि संध्याकाळपर्यंत बाहेर गाडीतच बसतो. चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. पहिल्या वर्षी तो आला होता भिंतीपर्यंत. वर बघून म्हणाला, "अगं, कडेच्या विटा भिंतीत गुंतलेल्याच नाहीत. सरळ फट दिसतेय. हे मागाहून भरलंय कोणीतरी."

"तू विटा रच, सिरिल. पुस्तकं मी वाचलीत," ती चारचौघांत म्हणाली होती. त्यानंतर तो गाडीतून उतरला नाही.

या वर्षी नवी व्यवस्थापक आली, फेलिसिटी. तिने फाटकावर माहितीची पाटी लावायचं काढलं, आणि पाटीवर काय, तर खिडकीचा कर!

"लोकांना आवडते हो ती गोष्ट, मिसेस ओकडेन. एकच तर ओळ आहे."

"एक असो नाहीतर अर्धी, खोटी ती खोटी! ती ओळ लागली की हा बिल्ला तुमच्या टेबलावर."

"मग पुरावा द्या."

"देते की! कोठीत ओल आलीय, सोमवारी गिलावा काढणारच आहात. मी समोर उभी राहते. मागे सलग भिंत निघाली की सगळ्यांनी माझी माफी मागायची."

सोमवारी गिलावा पडला. मागे ओकची चौकट निघाली. चौकटीत छोट्या छोट्या काचा, एकही तडकलेली नाही, आणि त्यांच्या पलीकडे विटा. खालचं लाकूड मधोमध झिजलेलं, वर्षानुवर्षं कोणीतरी कोपर टेकून बाहेर बघत बसल्यासारखं.

फेलिसिटीने हळूच तिच्यासाठी खुर्ची पुढे केली. त्याचाच तिला जास्त राग आला.

परतताना गाडीत ती सिरिलवर उखडली. "बोल ना! म्हण, मी सांगितलं होतं! सव्वीस वर्षं मी हजारो माणसांना थापा मारल्या. म्हण ना काहीतरी!"

"काचा शाबूत होत्या?" सिरिलने विचारलं.

"होत्या."

"मग बुजवणारा चांगला गवंडी होता," एवढंच म्हणून त्याने गाडी वळवली. या माणसाशी धड भांडताही येत नाही, देवा!

पुरावा कराचाही नाही म्हणून फेलिसिटीने पाटी थांबवली होती, पण बिल्ला परत करायचाच असं ठरवून म्युरिएल शनिवारी गेली. शेवटचं म्हणून खुर्चीत टेकते न टेकते, तोच एक जाडजूड गृहस्थ बायकोला घेऊन आत आला.

"लोक काहीही सांगतात, कर म्हणे! ती मुळातच आंधळी बांधलीय," तो बायकोला ऐटीत समजावत होता. "मागच्या खेपेला मला इथल्याच बाईंनी सांगितलं. ह्याच त्या! हो ना हो?"

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिचं ऐकलं होतं, आणि तेही आज! म्युरिएलला रडावं की ओरडावं कळेना.

"चुकलं त्या बाईचं," ती म्हणाली. "खरीखुरी खिडकी होती ती. नंतर बुजवली. करासाठी की थंडीसाठी, ते कोणालाच ठाऊक नाही. आणि ज्याला हे सगळ्यात आधी दिसलं, तो बाहेर हिरव्या गाडीत सँडविच खात बसलाय. जा, त्याला विचारा. म्हणावं, बायकोने पाठवलंय."

ते दोघं गेले. म्युरिएल दारात उभी राहून बघत होती. सिरिलने काच खाली केली, काहीतरी ऐकलं, मग घराकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने तो गाडीतून उतरला, विजारीला हात पुसले आणि भिंतीपाशी येऊन वर बोट दाखवत बोलू लागला.